उपाध्यक्षपदाचे तीन होकार

बसा. चहा घ्या आधी. या किश्श्याचा आता मला स्वतःलाच कंटाळा आलाय. पण दोह्यातल्या मराठी घरांमध्ये तो तिखटमीठ लावून सांगितला जातो, तेव्हा म्हटलं, तुम्ही तरी मूळ गाढवाच्या तोंडून ऐका.

एकवीस वर्षं झाली मला कतारमध्ये. या एकवीस वर्षांत आमच्या मराठी मंडळात मी काय केलं? खुर्च्या लावल्या. खुर्च्या उचलल्या. माजी अध्यक्षांच्या नावांचा एक मोठा बोर्ड आहे आमच्याकडे. मंडळाला स्वतःचा हॉल नाही, म्हणून तो दर कार्यक्रमाला कुणाच्या तरी गाडीतून न्यावा लागतो. गाडी कुणाची? माझी! एकवीस वर्षं दुसऱ्यांची नावं वाहिली हो मी. पुढच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट संपतंय, मग गाशा गुंडाळून नाशिक. त्याआधी एकदा, फक्त एकदा, त्या बोर्डावर आपलं नाव यावं असं वाटलं. यात काही वावगं आहे का? तुम्हीच सांगा.

तर मी अध्यक्षपदाला उभं राहायचं ठरवलं. आता आमच्या मंडळाचा नियम असा, की अध्यक्ष एकटा उभा राहत नाही. जोडी लागते. एकाच फॉर्मवर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, निवडून आले तर दोघं, पडले तर दोघं. म्हणजे लग्नच की! फक्त पत्रिका बघायची सोय नाही.

मी इंजिनीअर माणूस. उपाध्यक्ष कसा निवडावा याची एक्सेल शीट केली. रकाने असे: किती मतं आणेल, माइक हातात आला की सोडतो का, उन्हाळ्यात भारतात पळतो का. हा शेवटचा फार महत्त्वाचा. जून उजाडला की इथलं अख्खं मराठी मंडळ विमानात असतं आणि मागे राहतो तो एक अध्यक्ष आणि त्याचा एसी.

तिन्ही रकान्यांत पैकीच्या पैकी मिळाले एकाच माणसाला. विजय जाधव. मूळ लातूरचा, इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये फोरमन. बिरकत अल अवामेरला कंपनीच्या कॅम्पात राहतो, दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळते. त्याच्या शब्दावर कॅम्पातली पन्नास पोरं मतदानाला येतात. मी त्याला फोन केला.

"विजय, माझ्याबरोबर उपाध्यक्ष म्हणून उभा राहतोस का?"

"मी? सर, मंडळात सगळी मोठमोठी माणसं हाईत. मला कोण इचारतंय?"

"मी विचारतोय ना!"

"मग काय सर, तुमी म्हणताल तसं!"

झालं. इथे थांबलो असतो तर आज अध्यक्ष म्हणून तुम्हाला चहा पाजला असता. पण आपल्याला थांबता येतं का? मनात आलं, ज्येष्ठांना न विचारता परस्पर ठरवलं तर बरं दिसेल का?

आता तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपल्यात विचारणं दोन प्रकारचं असतं. एक खरं आणि एक मानाचं. मॉलमध्ये ओळखीचं कुणी भेटलं की आपण म्हणतो, "या की घरी एकदा." तो म्हणतो, "येऊ की." दोघांपैकी एकही जण पत्ता विचारत नाही. तसं मला आप्पांना मानाचं विचारायचं होतं.

आप्पा खैरनार हे मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. वर मदिनत अश शमालला त्यांचं नळ-पाइपांचं दुकान. दर वार्षिक सभेत उभे राहतात आणि म्हणतात, "आता तरुणांनी पुढे यावं." बसतात. टाळ्या. म्हणजे आप्पा नाही म्हणणार हे काळ्या दगडावरची रेघ. मी जायचं, विचारायचं, त्यांनी नाही म्हणायचं, मी वाकून नमस्कार करायचा, खलास.

शुक्रवारी तासाभराची गाडी मारून शमालला गेलो. आप्पा पाइपांच्या ढिगात बसले होते. मी म्हणालो, "आप्पा, मी अध्यक्षपदाला उभा राहतोय. उपाध्यक्ष म्हणून तुम्ही हवेत. तुमच्याशिवाय शोभा नाही!"

आप्पांनी हातातला पाइप खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अविनाशराव," म्हणाले, "बारा वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही. सगळे धरूनच चालतात, म्हातारा नाही म्हणणार. तुम्ही पहिले."

मी नमस्काराला वाकत होतो, तो अर्ध्यातच थांबलो.

"मी तयार आहे," आप्पा म्हणाले आणि उठून त्यांनी मला मिठी मारली. दुकानातल्या केरळी मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, पण मालक रडतोय म्हणजे प्रसंग मोठा असणार!

आता त्या माणसाला काय सांगू? "आप्पा, तुम्ही नाही म्हणाल म्हणून विचारलं हो"? जीभ रेटेना. आनंद झाल्याचा चेहरा करून परतलो. शंभर किलोमीटर तो चेहरा तसाच राहिला होता.

घरी बायकोला, शैलाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्ताच्या आत्ता फोन करा आणि खरं सांगून टाका."

शहाणा माणूस काय करतो? बायकोचं ऐकतो. मी डोकं चालवलं.

आप्पांचं आणि सबनीस मॅडमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मॅडम मंडळाची नाटकं बसवतात आणि एकदा त्यांनी आप्पांचं भाषण चालू असताना पडदा पाडला होता. माझा हिशोब असा, की मॅडमना विचारायचं. त्या नाहीच म्हणणार, कारण मंडळातल्या कुठल्याही कामाला त्यांचं उत्तर ठरलेलं: "मला मरायला वेळ नाही." पण मी त्यांना विचारलं हे आप्पांच्या कानावर गेलं की आप्पा चिडतील आणि आपणहून बाजूला होतील. जाधवची वाट मोकळी! आहे की नाही डोकं?

फोन लावला.

"मॅडम, एक विनंती होती. तुम्हाला वेळ नसणार, मला कल्पना आहे—"

"कशाला वेळ नसणार?"

"उपाध्यक्ष व्हायला. माझ्याबरोबर. पण तुमचं ऑफिस, नाटक..."

"अविनाश, माझा प्रोजेक्ट महिन्यापूर्वी संपला. सध्या घरात बसून भिंतींशी बोलते. फॉर्म कधी भरायचा?"

मी म्हणालो, "इन्शाल्ला लवकरच." दुसरं काय म्हणणार? कतारमध्ये राहून एवढा एक शब्द तरी अडीअडचणीला कामी येतो.

शेजारी आमची सई, दहावीतली, सगळं ऐकत होती. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इंग्लिशमध्येच. "बाबा, इफ यू वॉन्टेड अ नो, व्हाय डिड यू आस्क?"

काय सांगणार? हे त्यांच्या शाळेत शिकवत नाहीत.

मॅडमच हो म्हणाल्या, म्हणजे आप्पांना चिडवून उपयोग नाही; आता उरला एकच मार्ग, निदान जाधवला तरी समजवायचं. पोरगा तरुण आहे, पुढच्या वेळी उभा राहील. दोन दिवसांनी ऑफिस सुटल्यावर बिरकत अल अवामेर गाठलं. गेटवर जाधव वाट बघत उभा. मी "विजय, जरा बोलायचं होतं" म्हणेपर्यंत मागून दहा-बारा पोरं आली. कुणी खुर्ची आणली, कुणी इथला दाट दुधाचा करक चहा आणला. जाधव म्हणाला, "सर, मतदानाला कंपनीकडनं दोन बस सांगून ठेवल्यात. ड्रायव्हरबी आपलेच."

"वा!"

"आन् आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिनं गल्लीत पेढे वाटले, सर. म्हणली, परदेशात माझ्या लेकाला मान मिळाला."

मी चहा घेतला. दुसरा कप घेतला. मग म्हणालो, "तयारी जोरात आहे तर!" आणि घरी आलो.

म्हणजे बघा, फॉर्मवर जागा एक आणि होकार तीन. रोज तिघांचे फोन. आप्पा विचारायचे, फोटो कोटात काढायचा की सदऱ्यात. मॅडमनी प्रचाराचं भाषण लिहून धाडलं, पाच पानी, त्यात टाळ्यांच्या जागासुद्धा दाखवलेल्या. मी तिघांनाही "छान, छान" म्हणत होतो. झोप उडाली होती. अहो, निवडणुकीआधीच मी इतका दमलो की निवडून आलो असतो तर पहिल्या दिवशी रजाच टाकली असती.

शेवटी शैला म्हणाली, "शुक्रवारी तिघांना जेवायला बोलवा. मी मसालेभात, कढी, श्रीखंड करते. जेवणाआधी सगळं कबूल करा. पानात श्रीखंड दिसत असलं की माणूस फार चिडत नाही."

फॉर्म शनिवारी द्यायचा होता, म्हणजे दुसरा इलाजही नव्हता. शुक्रवारी दुपारी तिघं आले. आप्पा कोटात, मॅडम फाइल घेऊन, जाधव नवा शर्ट घालून. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग तिघांनी माझ्याकडे बघितलं.

मी हात जोडले आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. खरंच लाज वाटत होती हो! आप्पांची मिठी, जाधवच्या आईचे पेढे, सगळं डोळ्यांसमोर येत होतं.

"म्हणजे," सबनीस मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी नाही म्हणावं म्हणून तू मला विचारलंस?"

"हो."

"आन् मला, सर?" जाधवने विचारलं.

"तुला अगदी खरं विचारलं, विजय!"

"मग मला सोडून ह्यांना कशाला इचारलं?"

मी स्वयंपाकघराकडे बघितलं; श्रीखंड अजून आतच होतं. आप्पा नुसतेच कोटाच्या गुंड्या काढत बसले. ते बघवेना. मी म्हणालो, "तुम्ही तिघं ठरवाल ते मला मान्य."

आणि काय सांगू! ज्या दोघांचं बारा वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, त्यांचं दोन मिनिटांत झालं. मॅडम म्हणाल्या, "जागा दोन, माणसं चार. चिठ्ठ्या टाका. ज्याला जास्त मतं तो अध्यक्ष. मग त्याने आपला उपाध्यक्ष निवडावा. काय आप्पा?"

"मंजूर!" आप्पा म्हणाले.

मलाही पटलं. पटणारच! या तिघांना उपाध्यक्ष व्हायचं होतं. अध्यक्षपदाचा उमेदवार त्या खोलीत एकच, तो मी. म्हणजे निकाल लागल्यातच जमा.

सईने वहीचे कागद फाडून दिले. मी पेन उघडलं आणि विचार केला. स्वतःचंच नाव लिहायचं? बरं दिसतं का ते? सई अक्षर ओळखेल, वर मोठ्याने हसेल. बाकीची तीन मतं मिळणारच आहेत, तर आपलं एक मत आप्पांना देऊ. म्हाताऱ्याचा मान राहील, आपला मोठेपणा दिसेल. लिहिलं: आप्पा खैरनार.

सईने चिठ्ठ्या उघडल्या.

"सबनीस आंटी, वन. जाधव अंकल, वन. आप्पा आजोबा, टू."

मी म्हणालो, "पुढे?"

"बाबा, फोर पीपल, फोर व्होट्स. दॅट्स इट."

तुम्ही हसा. हसा पोटभर! जगात असा उमेदवार दाखवा मला, ज्याला स्वतःचंसुद्धा मत पडलं नाही आणि ज्याच्या एका मताने दुसरा अध्यक्ष झाला!

आप्पांनी कोटाच्या गुंड्या परत लावल्या. उभे राहिले. म्हणाले, "अविनाशराव, झालं गेलं विसरून जा. ही जोडी तुमच्या घरात ठरतेय, पहिला मान तुमचा. माझे उपाध्यक्ष व्हाल?"

मला व्हायचं होतं. देवाशपथ सांगतो, मनापासून व्हायचं होतं! पण पहिल्याच विचारण्याला टुणकन हो म्हणायचं? हपापल्यासारखं? दुसऱ्यांदा विचारलं की मग मान डोलवावी, तिसऱ्यांदा विचारलं की "तुमचा आग्रहच आहे तर" म्हणावं, ही आपली रीत.

मी म्हणालो, "छे, छे आप्पा! मी कशाला? मॅडम आहेत, जाधव आहे..."

"बरं," आप्पा म्हणाले. "जाधव, तू होतोस?"

"हो!" जाधव म्हणाला. आप्पांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

"यल्ला, चला!" मॅडमनी फाइल उघडली. "नाटकाची कमिटी मी बघते. अविनाश, तू खुर्च्या बघ. तुला सवय आहे."

फॉर्म तिथेच भरला, आणि पुढे जाधवच्या दोन बसांच्या जोरावर ती जोडी निवडूनही आली. तिघंही इतके खुशीत होते की माझ्यावर रागवायचंच विसरले. शैलाने पानं मांडली, तिघं बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, तुम्हीपण बसून घेता का त्यांच्याबरोबर?"

सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. पण पाहुणे जेवत असताना यजमानाने कसं बसायचं?

"नको," मी म्हणालो. "त्यांचं होऊ दे."

"बरं," शैला म्हणाली आणि श्रीखंडाचं पातेलं घेऊन आप्पांकडे वळली.

त्यांचं झालं, मग मी बसलो. कढी भरपूर उरली होती.