समोरचा बसथांबा

आमच्या बाल्कनीतून समोरच बसथांबा दिसतो. त्याच्याच मोहात पडून आम्ही हे घर घेतलं. आज सकाळी शेजारच्या काकू त्या थांब्यावर जायला चक्क रिक्षात बसल्या.

“अहो काकू, समोर तर जायचंय!” मी वरून ओरडलो.

“दिसतं म्हणून पोचता येतं का रे?”

खरंच आहे. मधल्या रस्त्याला ना सिग्नल, ना फूटपाथ, आणि दुभाजकावर छातीइतकं कुंपण. हे रस्ते आखणाऱ्यांनी माणसाचे पाय कधी पाहिलेच नाहीत का?

आणि आम्ही तरी काय दिवे लावले? घर बघायला बिल्डरच्या गाडीतून आलो. तो रस्ता एकदा चालत ओलांडून पाहावा, हे कुणालाच सुचलं नाही. दार पूर्वेलाच आहे ना, हे मात्र होकायंत्र लावून दोनदा तपासलं!