फुसाएचा खोटा मुलगा

आमच्या गल्लीतला सगळ्यात पक्का भामटा कोण म्हणाल, तर माझी शेजारीण फुसाए. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कामातून गेलेले, सगळा जन्म बंदरावर कालवं फोडण्यात गेलेला. पण म्हाताऱ्यांना सावध करायला गल्लीच्या सभागृहात आम्ही नाटुकलं बसवलं, तेव्हा फोनवरून लुबाडणाऱ्या ठगाचं काम तिनेच मागून घेतलं. फसणारी आई मी. माझ्या तोंडावर बावळटपणा आयताच आहे, असं तिचं म्हणणं. मी बरेच दिवस अबोला धरला होता.

तोंडावर रुमाल धरून ती घोगरा आवाज काढायची, "आई, मी आहे, मी. सर्दीने घसा बसलाय." की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "फोन ठेव!" नंतर चहा. मग आठवडाभर फुसाए घरोघर फिरून बजावायची की मुलाबाळांशी खुणेचा शब्द ठरवा आणि तो आला नाही तर सरळ फोन ठेवा. ओकिमोतो आजोबा टाळाटाळ करत होते, तर तिने समोर ठाण मांडून त्यांना लेकीला फोन लावायला लावला.

तिचा स्वतःचा खुणेचा शब्द मात्र नव्हता. बाप गेल्यावर तिच्या मुलाने, शुंगोने, होडी विकली आणि ओसाकाची वाट धरली. परत तोंड दाखवू नकोस, असं ती रागाच्या भरात बोलली आणि त्या गाढवाने ते खरं मानलं. तेव्हापासून एक फोन नाही. ती मात्र रोज फोनवरची धूळ पुसायची. मला ते बघवत नसे.

यंदा अंजीर पिकायच्या दिवसांत ती सभेला उशिरा आली, पण चेहरा फुललेला. म्हणाली, आज ठगाने माझ्याच घरी फोन केला. खुणेचा शब्द विचारल्यावर त्याची बोलती बंद झाली आणि मी फोन ठेवून दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओकिमोतो आजोबांनी तर उठून वाकून नमस्कार केला.

"घोगरा आवाज मात्र बेट्याने झकास काढला," ती म्हणाली. "माझ्या वरताण."

"मागितलं काय त्याने?" मी विचारलं.

"काहीच नाही. नुसतं विचारत होता, अंजीर अजून हारुए मावशीच्या अंगणात पडतात का."

हारुए म्हणजे मी. तिच्या अंजिराची फांदी माझ्या भिंतीवरून आत आलेली आहे. त्या फळांच्या राड्यावरून मी लहानग्या शुंगोला किती बोलले असेन, ते आम्हा तिघांनाच ठाऊक. टाळ्या अजून चालू होत्या. फुसाएने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

ती घराकडे अशी निघाली की गुडघ्यांचं तिला भान नव्हतं. मी मागोमाग. फोनवर त्याचा नंबर दिसत होता. तूच लाव, ती मला म्हणाली. मी नाही म्हटलं. मला रडू येत होतं, आणि हा फोन तिनेच करायचा होता.

तिने लावला. पलीकडून "कोण?" असं आलं. एवढ्या वर्षांत तिने मनाशी काय काय जुळवून ठेवलं असेल, पण आवाज नाटकातलाच, घोगरा निघाला.

"अरे, मी आहे, मी."

मी तिचा हात धरून उभी होते. पलीकडून कुणी फोन ठेवला नाही.