न घेतलेली भाकर

सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी इंदरगंजच्या चौकात उतरताना सवारीच्या टेम्पोत विसरले. शाळेत मात्र सांगितलं, "मी तर कपाटातच ठेवला होता." कपाटाची किल्ली हिंदी शिकवणाऱ्या बाईंकडे असायची. मी एवढं एकच वाक्य बोलले, पुढचं आपोआप झालं. गठ्ठा हरवल्याचा ठपका बाईंवर आला, आणि आयुष्यभर मोठ्या मुलांना शिकवलेल्या त्यांना पहिलीच्या वर्गावर पाठवलं.

मग मी चांगलं वागायला लागले. आमच्या घरचं वळणच तसं. चूक झाली की उपास करायचा, कुणाला काही द्यायचं, पण तोंडाने कबूल म्हणून करायचं नाही. बाई ख्रिस्ती, बिर्लानगरला एकट्या राहायच्या. दर रविवारी मी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन जायची, दुखऱ्या पायामुळे त्यांना हात धरून चर्चमध्ये न्यायची आणि उपासना संपेपर्यंत शेजारी बसायची. नवरा हसायचा, "तू तर चर्चचीच होऊन राहिलीस!" मला ते ऐकून चक्क बरं वाटायचं. निर्लज्जपणा, दुसरं काय!

महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस देतात. लोक ओळीने पुढे जाऊन गुडघे टेकतात. बाई जागेवरून हलायच्या नाहीत. पायामुळे असेल, असं मी धरून चालले होते. चौथ्या महिन्यात घरी परतताना विचारलं.

"पैर की बात नहीं है," त्या म्हणाल्या. "जिसने वो गट्ठा उठाया और मुझ पर इल्ज़ाम आने दिया, जो भी हो, उसे माफ़ नहीं कर पाई हूँ. मन में बैर रखकर प्रभु की रोटी कैसे लूँ?"

म्हणजे मी त्यांचा वर्गच नव्हे, ही भाकरही हिरावून घेतली होती. त्याच सकाळी पादरीसाहेबांनी सांगितलं होतं, विश्वास हे मूळ, सत्कर्म हे त्याला येणारं फळ. फळं देऊन देवाकडून क्षमा मिळत नाही, त्यासाठी आधी पश्चात्तापाने मन फिरावं लागतं. मी तर बाजारातली फळं आणून वाळक्या झाडाला बांधत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आणखी महिनाभर गप्पच बसले. डब्यात एक पदार्थ तेवढा वाढवला.

शेवटी एका दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात सगळं सांगून टाकलं. टेम्पो, गठ्ठा, माझं खोटं. उद्या मुख्याध्यापिकांनाही सांगते, म्हणाले. बाईंनी ओट्यावरच्या डब्याकडे पाहिलं.

"तो ये सब... इसीलिए था?"

मी होकाराची मान हलवली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत सांगितलं. बाईंना त्यांचा वर्ग परत मिळाला, पहिली माझ्याकडे आली. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मी चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसले. बाईंची ओळ उठली. बाईही उठल्या, बाकांचा आधार घेत, पाय ओढत एकट्याच पुढे गेल्या. त्यांनी भाकर घेतली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर पायरीवर मी डबा पुढे केला.

"माफ़ कर दिया," डब्याला हात न लावता त्या म्हणाल्या. "अब ये मत लाना."

घरी येऊन मी डबा उघडला. क्षमा मिळाली होती, आणि एकही घास घशाखाली उतरत नव्हता.