मालकिणीचं तिसरं बटण

आमची मालकीण लग्न होऊन आली तवापासनं कुणाला दोनदा हाक मारत नव्हती. जेवायला एकदा बोलवायची. गेलो नाही, तर भाकरी म्हशीपुढं. "ती हाकेला येती," म्हणायची.

अंगावरनं वारं गेल्यावर हाकच गेली. जीभ जड, उजवा हात पडलेला. मी आपला गोठ्यात, ती आतल्या खोलीत. माझा जीव तिकडंच. जावई कागलच्या कारखान्यात यंत्रांच्या कॉम्प्युटरचं काम करतो. त्यानं कॉम्प्युटरचं एक जुनं कार्ड पेटीत बसवलं, तिच्या खाटेला तीन बटणं लावली आणि गोठ्यात तीन दिवे. लाल म्हणजे पाणी, निळा म्हणजे कूस बदला, हिरवा म्हणजे नुसतं या.

एकदा त्यानं कार्डावर नवी सिस्टीम चढवली आणि गेला. दुपारी निळा लागला. मी कूस बदलली. परत निळा. परत बदलली. तिसऱ्यांदा गेलो तर तिनं डोळे वटारले.

"तान... लागलीया. सारखं उलथताय. भाकरी हाय का मी?"

रविवारी जावई ओशाळून सांगत होता. "मामी, बटण दाबलं की यंत्र हातातलं काम टाकून तिकडं बघतं. त्याला इंटरप्ट म्हणत्यात. कुणी हाक मारली ते नंबरावरनं कळतं. मी ड्रायव्हरमधी, म्हंजे बटणाची हाक ऐकणाऱ्या प्रोग्रॅममधी, नंबर ठोकून लिवलं होतं. पर नंबर कर्नेल देतो, यंत्राचा कारभारी. नव्या कर्नेलनं ते बदललं. आता ड्रायव्हर आधी त्याला इचारतो, ह्या बटणाला कुठला नंबर दिलास, मग ऐकतो."

"इचारायचं की मग... आधीच," मालकीण म्हणाली. जावयाला सोडत नव्हती ती.

पुढं तिसरं बटणच जास्त वाजायचं. धार अर्धी टाकून जायचो. "काय गं?"

"काय न्हाय. बसा. म्हस... पळत न्हाय."

ती गेली. दिवसकार्य उरकल्यावर जावई पेटी उघडून बसला. "मामा, बटण काढलं की ड्रायव्हरनं नंबर परत द्यायचा असतो. मग कर्नेल तो दुसऱ्या कुणालाबी देतो."

"आन् न्हाय दिला तर?"

"तर ऱ्हातो तिच्याच नावावर. यंत्र कान देऊन बसतं, हाक येईल म्हणून."

"मग दोन न्या. तिसऱ्याचा सोडू नका."

त्यानं दोन बटणं सोडवली, पेटीचं झाकण लावलं.

धार काढताना मी अजून दिव्याकडं तोंड करून बसतो.