बोडीतल्या शिंपल्यांची एकशिपी

एप्रिल लागला की गावची बोडी, म्हणजे धानाचं तळं, आटायला लागते आणि रीनाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. पाळीवरून उतरून ती गुडघाभर पाण्यात शिरते, पदर खोचते आणि पावलांनी चिखल चाचपत पुढे सरकते. डोळ्यांचं इथे काम नाही. पाणी गढूळ आणि शिंपली चिखलात अर्धी रुतलेली, तेव्हा ती आधी पायाच्या अंगठ्यालाच कळते. गुळगुळीत काठ लागला की वाकायचं, कोपरापर्यंत हात घालायचा आणि काळपट हिरवी शिंपली ओट्यात टाकायची. बाकीच्या बायकांचे ओटे दुपारच्या आत भरतात. रीनाला नेहमी उशीर होतो, कारण ती मध्येच थांबते. पाणी पोटऱ्यांना कोमट लागत असतं, पलीकडे गोंदियाकडच्या प्रतापगडचा डोंगर उन्हात विरत असतो, आणि बाईसाहेब उभ्या राहतात त्या राहतातच.

"काऊन थांबलीस व? कोनाची वाट पाहून राहिलीस?" सासू, कुसुमबाई, लांबून ओरडतात.

"भरतीची," एकदा ती बोलून गेली होती.

कुसुमबाईंनी हातातली शिंपली पाण्यात सोडली आणि कपाळाला हात लावला. धानाला पाणी पुरवायला तळी खोदणाऱ्या कोहळी समाजाच्या पणजोबांनी बांधलेली ती लहानशी बोडी. तिला कसली भरती येणार? पाऊस पडला की भरते, पाट सोडला की उतरते, एवढाच तिचा संसार. पण रीना रायगडकडच्या खाडीवर वाढली होती. तिथे पाणी दिवसातून दोनदा घर सोडून जातं आणि दोनदा परत येतं. लहानपणापासून हे पाहिलेल्या माणसाला आठ वर्षांत थांबलेल्या पाण्याची सवय होत नाही, निदान रीनाला तरी झाली नव्हती.

संघदीप तेव्हा तिकडच्या एका कारखान्यात मशीनवर होता आणि रीना तिथल्या कॅन्टीनमध्ये भात लावायची. हा पोरगा रोज भात दोनदा मागून घ्यायचा आणि "आमच्याकडच्या तांदळाची सर नाही याला" म्हणून नावंही ठेवायचा. मग आधी भांडण, मग गप्पा, मग दोन्हीकडचे चार जण बसून विहारात लग्न. पुढे त्याचे वडील गेले, तो गावी परतला, धानाच्या गिरणीत लागला, आणि रीना त्याच्यामागून हजार किलोमीटर आत आली. समुद्रापासून याहून लांब जायचं म्हणजे जरा कष्टच घ्यावे लागले असते.

पहिल्याच उन्हाळ्यात तिने नाव काढलं. शिंपल्या आणल्या की त्या लगेच रांधत नाहीत, पाण्यात ठेवतात म्हणजे त्या पोटातली माती थुंकून टाकतात. खाडीकाठी हे पोरासोरांना ठाऊक असतं. नव्या सुनेला कामाचा उत्साह. संध्याकाळी घमेलंभर शिंपल्या पाण्यात टाकल्या आणि वरून दोन मुठी मीठ घातलं, तिची आई घालायची तसं. समुद्राच्या जिवाला खारं पाणी म्हणजे घर. बोडीच्या जिवाला ते विष, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. सकाळी सगळ्या शिंपल्या तोंडं वासून मेलेल्या होत्या आणि अंगणात उभं राहवत नव्हतं. कुसुमबाई आधी भडकल्या, मग त्यांना हसू आवरेना, मग त्यांनी ती गोष्ट साऱ्या गावाला सांगितली. तेव्हापासून रीना गावाची 'खारी सून' झाली. हौसेने म्हणतात, पण म्हणतात.

कुसुमबाईंची रीत वेगळी. बोडीचंच पाणी, त्यात मूठभर तांदळाचा कोंडा, दोन दिवस मुक्काम आणि पाच वेळा पाणी बदल. त्यांच्या शिंपलीत मातीचा कण सापडणार नाही, ही त्यांची शेखी होती. कोणाच्या घरी दाताखाली कचकन वाजलं तर महिनाभर त्या घराचा उद्धार व्हायचा. "हात मोडले होते का तिचे धुवाले?" हे ठरलेलं वाक्य.

आणि रांधायच्या मात्र किती तऱ्हा! पाळीवर बसून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात शिंपली टाकायची, चट् करून तोंड उघडलं की मीठ-मिरची लावून तिथेच ओरपायची. ही खरी मजा, तिला ताट लागत नाही. घरी आणल्यावर उकडून मांस सोडवायचं आणि जवसाच्या तेलात भरपूर लसूण घालून कोरडं परतायचं. पाहुणा आला तर लाखोळीच्या डाळीचं पीठ लावून अंबाडीची आंबट भाजी घालून रस्सा, त्याच्यासोबत गरम भात. उरलेल्या उन्हात वाळवायच्या आणि मडक्यात भरायच्या, म्हणजे श्रावणात वांग्यात घालता येतात. रीना हे सगळं शिकली, आवडीने खाऊ लागली. रस्सा तर आता कुसुमबाईंपेक्षा तिचाच बरा होतो, असं संघदीप दार बंद करून हळूच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी रीनाची आई गेली. निरोप आला तेव्हा दुपार होती. गोंदियाला जाऊन गाडी पकडली, पुढे कल्याणला उतरून बस, असं करत ती पोहोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. घरात आईचं एक लुगडं, विळी आणि चुलीजवळची फळी, एवढंच राहिलेलं. भावाने गॅसवर चहा केला. त्या घरात आता तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या, शिजत नव्हत्या. खाडीच्या तोंडाशी भराव पडला होता, आणि वहिनीला वास सोसत नव्हता.

आईची एकशिपी कोणालाच येत नव्हती. विळीवर तिसरी उघडायची, मांस एका शिंपीत ठेवायचं, दुसरी टाकून द्यायची, म्हणून ती एकशिपी. भाजलेलं खोबरं, लाल मिरची, आमसुलं, आणि शिंपीसकट रस्सा. ताटात बोटं घालून एकेक शिंपी चोखायची आणि शेवटी ताटाशेजारी शिंप्यांचा ढीग मोजून भावंडांत भांडायचं. परतीच्या गाडीत रीनाने डोळे मिटून ती चव आठवायचा प्रयत्न केला. आली, पण पुसट आली. तिला भीती वाटली. आईचा आवाज आधीच अंधुक झाला होता. चवही गेली तर आई दुसऱ्यांदा जाईल, आणि या खेपेला निरोपसुद्धा येणार नाही, असं तिला वाटलं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती बोडीतल्या शिंपल्यांची एकशिपी करू पाहत होती. पहिल्या वर्षी बाजारातलं सुकं खोबरं घातलं. दुसऱ्या वर्षी भावाने आमसुलं पाठवली. मिरची बदलून झाली, मातीचं भांडं आणून झालं. संघदीप बोटं चाटायचा. कुसुमबाई नाक मुरडत का होईना, सात-आठ शिंप्या संपवायच्या. चांगलीच व्हायची ती. पण आईची व्हायची नाही. काहीतरी कमी पडायचं आणि काय ते सापडायचं नाही. रीना पहिला घास घ्यायची, डोळे मिटायची, वाट पाहायची. मग डोळे उघडून मुकाट जेवायची.

"गोड बी लागते, तिखट बी लागते. मंग कायले तोंड पाडून बसली?" कुसुमबाई विचारायच्या. रीना काही सांगायची नाही. काय सांगणार? तुमच्याकडे सगळं आहे, फक्त माझी आई नाही, असं म्हटलं असतं तर त्या बाईला उगाच लागलं असतं.

यंदा गिरणीत तांदूळ न्यायला रायगडकडचाच एक ट्रक आला. भावाने ड्रायव्हरच्या हाती घरच्या माडाचे दोन नारळ पाठवले होते. संघदीप ते कापडात गुंडाळून घेऊन आला तेव्हा कापड ओलं होतं. खड्ड्यांनी आपलं काम केलं होतं. दोन्ही नारळांना चीर गेली होती, पाणी गळून गेलं होतं. एप्रिलचं ऊन. उद्यापर्यंत खोबरं आंबणार हे सांगायला शहाण्याची गरज नव्हती.

"दे फेकून," संघदीप म्हणाला. "फ्रीज तर बंद पडून आहे."

रीनाने नारळ नाकाशी धरला. तिच्या घरामागचा वास आला. आईने लावलेला माड होता तो.

कुसुमबाई कामठ्याला बहिणीकडे लग्नाला गेल्या होत्या, उद्या येणार होत्या. रीना एकटीच बोडीवर गेली. त्या दिवशी ती थांबली नाही, डोंगराकडे पाहिलं नाही, भरतीची वाट पाहिली नाही. लहान लहान शिंपल्या निवडून ओटाभर घेऊन दुपारीच परत आली. दोन दिवस ठेवायला वेळ नव्हता. चार पाण्यांनी खळखळून धुतल्या, तेवढ्याने पोटातली माती जाणार नाही हे तिला कळत होतं, पण नारळ थांबणार नव्हता. विळी घेतली, शिंपल्या उघडल्या, खोबरं भाजलं. संध्याकाळ व्हायच्या आत एकशिपी उकळू लागली.

आणि तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. कुसुमबाई एक दिवस आधीच उगवल्या होत्या.

"लगनाचं जेवून जेवून कंटाळा आला बाप्पा," पिशवी खाली ठेवत त्या म्हणाल्या. "पनीर, पनीर, पनीर! का रांधून राहिलीस? सिपल्या? वाढ मले. भूक लागली."

रीनाने पटकन भांड्यावर झाकण ठेवलं. आठ वर्षांनी 'खारी सून'ला जोडून आता 'मातीवाली सून' होणार, हे स्पष्ट दिसत होतं. "माय, थोडं थांबा, मी दुसरं काही..." ती म्हणाली. या घरात सगळे कुसुमबाईंना माय म्हणतात, रीनाही म्हणते.

"कायले थांबू? वाढ!"

तिने वाढलं. तिघंही अंगणात जेवायला बसली. कोणी तोंडात घालायच्या आत आपणच पाहावं, निदान काय बोलणी खायची ते तरी कळेल, म्हणून रीनाने घाईने एक शिंपी उचलली आणि चोखली. खोबरं आलं, आमसूल आलं, तिखट आलं. मग दाताखाली कचकन वाजलं.

आणि आई आली.

दारातून येते तशी आली. पदर ओला, पायांना खाडीचा चिखल, डोक्यावर टोपली. कायम घाईत. ओहोटी संपायच्या आत तिसऱ्या काढायच्या, बाजार गाठायचा, घरच्यांसाठी ओंजळभर उरल्या तर त्या तशाच रांधायच्या. ठेवायला वेळ कुठे होता तिला? मिठाच्या पाण्यात टाकायची, पण तासाभरातच काढायची. आईच्या एकशिपीत रेती नसेल असा एक दिवस गेला नव्हता. बाबा कुरकुरायचे, आणि आई हसून म्हणायची, "समुद्र खाताय, थोडा वाजणारच." हे वाक्य रीनाला इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आता ते आईच्या आवाजात ऐकू आलं, घोगऱ्या, थकलेल्या, हसऱ्या आवाजात. अंगणात संध्याकाळ पिवळी झाली होती, आणि रीनाला वाटलं, बोडीचं पाणी पाळ ओलांडून हळूहळू दारापर्यंत चढत येतंय.

कच्. कुसुमबाईंच्या दाताखालीही वाजलं.

त्यांचा घास थांबला. त्यांनी जिभेवरचा कण बोटावर घेतला, उजेडात धरून पाहिला, आणि ठरलेल्या वाक्यासाठी तोंड उघडलं. "हात मोडले..." एवढंच बाहेर पडलं, कारण तेव्हा त्यांनी सुनेकडे पाहिलं. रीनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. एक शिंपी संपवून दुसरी उचलत होती.

"का झालं व?" त्या घाबरून म्हणाल्या. "रेतीनं दात गेला का?"

"माय," रीना म्हणाली, "माझ्या आईची अशीच लागायची. रेती असायची तिच्यात. तिला वेळच नसायचा. मी खोबऱ्यात शोधत होते, मिरचीत शोधत होते. तीन वर्षं शोधत होते. ती यात होती."

कुसुमबाईंनी पुन्हा बोटावरच्या त्या कणाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा दरारा उतरला.

"मंग सांगितलं काऊन नाही पोरी?" त्या म्हणाल्या. "पाच-पाच पानी बदलून मीच तर तुया आईले धुऊन सांडून देत होतो."

त्यांनी तो कण परत तोंडात टाकला आणि ताट सुनेपुढे सरकवलं.

"वाढ आखीन," त्या म्हणाल्या.