लाल ठिपका

रविवारची सकाळ, काचीगुड्याच्या आमच्या गच्चीवर कोवळं ऊन आणि कॉलेजात जाणारी भाची नखं रंगवत बसलेली. नेलपॉलिशचा तो गोडसर, नाकाला झोंबणारा वास दरवळला आणि माझं पेपरवाचन तिथेच थांबलं. तेवढ्यात शेजारी ठेवलेलं माझ्या गिटारचं पेडल उचलून ती म्हणाली, "मावशी, याच्या नॉबवर माझं पॉलिश सांडलं वाटतं. रिमूव्हरने पुसू?" मी अशी ओरडले की तिची बाटलीच कलंडायची राहिली. "नक्को! हात लावू नकोस त्याला!" पोर दचकली बिचारी. पण तो ठिपका तिने सांडलेला नव्हता, आणि तो पुसला गेला असता तर मी दिवसभर कुणाशी धड बोलले नसते.

इलेक्ट्रिक गिटारशी ज्यांची ओळख नाही त्यांना सांगते. पेडल म्हणजे पायाशी ठेवायची एक लोखंडी डबी. गिटारचा सूर तिच्यातून स्पीकरकडे जातो आणि जाताजाता ती त्याला मुद्दाम फाडते, खरखरीत करते. माझं पेडल मात्र स्पर्श ओळखणारं. तार अलगद छेडली तर सूर नितळ, जसाच्या तसा; बोटांत जीव आणून छेडली तर तोच सूर गुरगुरत उठतो. चाळिशी उलटल्यावर, ऑफिस सांभाळून, मी हे खूळ डोक्यात घेतलं होतं. घरचे हसले, हसोत बापडे! दिवसभराच्या मीटिंगांत जे कधी तोंडातून निघालं नाही ते त्या गुरगुरण्यात मला मोकळेपणी बोलता येत होतं.

मग एका दुपारी स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात परक्या बाईचा असावा तसा दिसत होता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, मी ते चार दिवस केले आणि सोडून दिले. कुणी विचारलं की हसून सांगायची, "हौ, एकदम ठणठणीत!" सांगतासांगता मलाही ते खरं वाटायला लागलं. म्हणून गिटार काढली, तार छेडली आणि सूर गुरगुरत उठलाच नाही, तेव्हा माझी खात्री पटली की महिनोन् महिने कपाटात पडून पेडल बिघडलं. खरखर कमी-जास्त करायचा नॉब पार टोकाला नेला की ती यायची, पण एकसुरी, हळू छेडा की जोरात. ऑफिसातल्या आमच्या चौघांच्या बँडला मी कळवून टाकलं, पेडल दुरुस्त झाल्याशिवाय मी येत नाही.

आबिड्सच्या एका गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा बसत. पांढरी दाढी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाइकाचे गुडघे त्यांच्या टेबलाला टेकत. त्यांची एक रीत होती. वस्तू कुठलीही असो, आधी चहा मागवायचा, वस्तू चालू करायची आणि बशीतून चहा संपेपर्यंत नुसतं ऐकत राहायचं. तोवर स्क्रूड्रायव्हरला हात नाही. "पहले सुनतूं, बाद में खोलतूं," म्हणायचे. मी गिटार आणि पेडल घेऊन गेले, तर मला म्हणाले, "बजाओ बेटा." मी वाजवलं. त्यांनी शेवटचा घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि माझ्या पेडलकडे न बघता माझ्या मनगटाकडे बघितलं.

"डब्बा अच्छा है," ते म्हणाले. "हाथ में ताकत नै है. कायकू छुपा रै?"

मला असा राग आला म्हणता! नॉब टोकाला नेऊन मी म्हणाले, "बघा, आता येतोय की नाही आवाज!" ते शांतपणे म्हणाले, "ये डब्बे का आवाज है बेटा. तुम्हारा किधर है?" आणि मग, चाळीस-पंचेचाळीस वर्षांची बाई मी, त्या अनोळखी दुकानात घळाघळा रडले. महिनोन् महिने मनात दाबून ठेवलेलं तोंडातून निघालं, की हा हात आता कधीच परत येणार नाही याची मला भीती वाटते. चाचांनी माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला. मग नॉब मधोमध आणला आणि एका जुन्या बाटलीतल्या लाल नेलपॉलिशचा ठिपका नॉब आणि डबी दोन्हींवर मिळून ठेवला. रेडिओ एकदा जुळवला की स्क्रू कुणी हलवू नये म्हणून ते तसाच ठिपका देत. "इसकू नक्को हिलाओ. हाथ कू हिलाओ. जुम्मेरात कू आना."

दर गुरुवारी ऑफिस सुटलं की मी जायला लागले. रबरी चेंडू दाबून दाबून हात दुखायचा, चाचा ऐकायचे, चहा संपायचा, ते मान हलवायचे, "अभी नै." किती गुरुवार गेले ते मी मोजले नाहीत. एके दिवशी वाजवतावाजवता तो सूर गुरगुरत उठला, नॉब जिथल्या तिथे असताना! मी थांबले तर चाचांची बशी भरलेलीच, चहावर साय धरलेली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

आता मोतीबिंदूमुळे त्यांनी दुकान बंद केलं आहे, मुलीकडे राहतात. त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. या गोष्टीचं मला दुःख होतं, नाही असं नाही. पण माझा उजवा हात मला परत देणारा माणूस मला भेटला, याचं सुख त्याहून मोठं आहे. आज भाचीला हे सगळं सांगितलं. ती उठली, नीट वाकली आणि फिकट झालेल्या ठिपक्यावर तिच्या बाटलीतला नवा लाल थेंब जपून ठेवला. तो वाळेपर्यंत आम्ही दोघी फुंकर घालत बसलो.

मग मी चाचांना फोन लावला. आवाज थकलेला होता, पण ओळख पक्की. "बजातूं चाचा?" मी विचारलं.

"ठैरो बेटा," ते म्हणाले, "चाय आने दो."

मी गिटार मांडीवर घेऊन थांबले. थोड्या वेळाने पलीकडे बशी वाजली.