चिंचेनं घासलेलं पदक

आज सुनंनं माझं शौर्यपदक चिंच लावून घासलं अन् घरभर तोच जुना आंबट वास सुटला. लढाईवरून पदक घेऊन आलो, तवा आईनंबी असंच तांब्यासारखं घासलं व्हतं. कळमनुरीला सत्कार, जीप दारात उभी, अन् हिनं पदक देवघरात ठेवून वर हळदकुंकू वाहिलेलं!

"आई, ते पदक हाय, देव न्हाई! दे इकडं!"

"न्हाई देत. छातीवर दिसलं की पुन्हा लढाईला बोलावतील तुला."

"काहून बोलावतील? कायबी बोलून राहिली!"

डोकं फिरलं माझं. तसाच बिनपदकाचा गेलो. लोक हसले.

आता सून म्हणती, "मामाजी, झेंडावंदनाला लावून जा." तिचं पोरगं सरहद्दीवर हाय. तवा मला कळलं न्हाई, आता हिलाबी कळत न्हाई. मी पदक उचललं अन् देवघरात नेऊन ठेवलं.